आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं?

खासगी कंपनीचं मानवरहित यान चंद्रावर उतरताना कोसळलं, तरी कोऱ्हाळ्याच्या शाळेनं आपल्या माजी विद्यार्थ्याचा, त्या कंपनीतल्या इंजिनिअर विजयसिंहचा सत्कार रद्द केला नाही. यान किती उंचीवर आहे हे मोजणारं उपकरण त्याच्याच टीमनं बनवलं होतं आणि नेमकं तेच चुकलं होतं. "यान पडलं, आपलं पोरगं न्हाय पडलं," असं म्हणत गावचे सरपंच मानसिंगतात्या यांनी त्याला फेटा बांधला. टाळ्यांच्या कडकडाटात विजयसिंह आणखीच अवघडला.

मग आठवीतली संस्कृती प्रश्न विचारायला उठली. "सर, उंची चुकतीय हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं का?"

"नाही," तो घाईघाईनं म्हणाला.

"मग मी तुमच्याच कंपनीत येणार. मला चूक दिसली, की लगेच तुम्हाला सांगणार."

पोरं हसली. विजयसिंहची मान खाली गेली.

"बाळ, एकीच्या लक्षात आलं होतं," तो माईकवरच म्हणाला. "निकिता नाव तिचं. आमच्यात सगळ्यात लहान. तिनं मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी तिला टीममधून काढलं."