सतरा किलो

ऋजुतानं थर्मामीटर तिसऱ्यांदा गच्चीच्या स्लॅबला लावला, कारण पहिल्या दोन आकड्यांवर तिचा विश्वास बसला नव्हता. मे महिना, दुपारचे तीन, आणि स्लॅब हाताला जेमतेम कोमट.

"बिघडलाय वाटतं," ती म्हणाली.

"शेजारच्या गच्चीवर लावून बघ," भास्करकाका म्हणाले. काका बोटीवरून निवृत्त झालेले इंजिनीअर. पुण्याहून तपासणीला आलेल्या या मुलीला ते सकाळपासून इमारत दाखवत होते.

शेजारच्या गच्चीवर चटका बसला. थर्मामीटर ठणठणीत होता.

भाड्यानं दिलेल्या इमारती किती कार्बन सोडतात, हे मोजणं ऋजुताचं काम. रत्नागिरीतल्या या तीन मजली इमारतीचा आकडा चौरस मीटरमागे वर्षाला चाळीस किलोच्या आत आला, तर कमी व्याजाचं कर्ज मिळून डागडुजी होणार होती. नाही तर इमारत पाडायला बिल्डरच्या कागदावर सही, असं ठरलं होतं. हे सांगताना काकांनी गच्चीचा कठडा घट्ट धरला होता.

सात वर्षांत ऋजुतानं एकच रडगाणं ऐकलं होतं. मालक म्हणतो, बिल भाडेकरू भरतो, मी कशाला खर्च करू? भाडेकरू म्हणतो, भिंत मालकाची, मी कशाला हात लावू? दोघांच्या मध्ये एसी घरघरत राहतो.

इथे गच्चीभर फुटक्या पांढऱ्या लाद्यांचे तुकडे नीट बसवलेले होते. पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर अंतरावर बुरोंडीहून आणलेली जुनी मासेमारीची जाळी ताणली होती आणि त्यांच्यावर मधुमालती चढली होती. जिन्याच्या माथ्याला लाकडी झडपा होत्या.

"चारला खारा वारा येतो," काका म्हणाले. "तेव्हा खालचं दार नि वरच्या झडपा उघडायच्या. गरम हवा जिन्यातनं वर निघून जाते. बोटीवर इंजिनरूमला हेच करायचो."

"भाडेकरू ऐकतात?"

"पयल्या वर्षी हसले. आता मी गावाला गेलो तरी झडपा उघडतात."

चार वाजले. पहिल्या मजल्यावरच्या सावित्रीबाईंनी खालचं दार उघडलं, काकांनी वर दोरी ओढली आणि ऋजुताची ओढणी अलगद उचलली गेली. सबंध जिना गार होत गेला. ती तिथेच उभी राहिली. अंगावर काटा आला होता आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

तळमजल्यावर दाताच्या डॉक्टरांच्या एसीत कोळ्यानं संसार थाटला होता. विजेच्या मीटरचे लाल दिवे लुकलुकायलाही वेळ लावत होते.

तिनं वर्षभराची बिलं मांडून हिशेब केला. मग पुन्हा केला.

"सतरा," ती म्हणाली. "काका, नव्याकोऱ्या इमारतींना पन्नास येतात. असं मी कुठेच पाहिलेलं नाही."

काका पायरीवर बसले. "म्हणजे पाडायची नाय?"

"नाही पाडायची."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "नऊ वर्षं लागली गो. एकेक लादी माझ्या हातची हाय."

"मी जिल्ह्यातले सगळे घरमालक इथे घेऊन येणार आहे. एकदा बघू देत त्यांना."

"आण की. सावित्रीबाय चहा करतील."

ऋजुतानं हसत फॉर्म पुढे केला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे मालकाची सही."

काकांनी पेन घेतलं नाही.

"मालक ठाण्याला असतात, त्यांना पाठव," ते उठत म्हणाले. "मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. अकरा महिन्यांचा करार शनिवारी संपतोय, आणि ह्या कागदानंतर वाढणारं भाडं काय मला झेपायचं नाय."