शेवटची बारा वर्तुळं

कॉलेजच्या लष्करी अभ्यासक्रमाच्या प्रवेशखिडकीतून कारकुनानं उत्तरपत्रिकेची प्रत पुढे सरकवली. “दोन गुणांनी हुकली हो, मिस्त्री. उत्तरांची शेवटची बाराही वर्तुळं चुकली, तीन गुण कापले. कोरी सोडली असती तर पोरगी आत होती.” कॉलेजची बाकं दुरुस्त करणाऱ्या सुतारानं शेजारी उभ्या लेकीकडे पाहिलं. ‘कोरं काही सोडू नकोस, ठोकून दे,’ प्रवेशपरीक्षेच्या सकाळी त्यानंच लेकीला बजावलं होतं. त्याच्या काळी चुकीला गुण कापत नसत. “पुढच्या वर्षी?” त्यानं विचारलं. “वयात बसणार नाही.” कारकून लेकीकडे वळला. “ठोकाठोकी बाबांना शोभते. तुला कुणी शिकवली?” “कुणी नाही. माझीच घाई झाली.” मीच सांगितलं, एवढंच त्याला म्हणायचं होतं, जीभ उचलेना. कारकुनानं पुढच्याला हाक मारली. जिन्यावर लेकीनं प्रथमच त्याचा दंड धरला, म्हाताऱ्यांचा धरतात तसा. “जपून, बाबा. पायरी आहे.”