वाळलेली शाई

दारात जीप उभी होती. पिराजीरावांच्या बायकोचं उद्या ऑपरेशन होतं, आजच नांदेडला भरती व्हायचं होतं. "तुम्ही माझ्यावर लिहिलेलं तेवढं छापून द्या, दवाखान्यात वाचीन," ती म्हणाली. पिराजीरावांनी प्रिंटरवरचं विणलेलं झाकण काढून बटण दाबलं. कागद कोराच बाहेर आला. फोनवरून लेकानं सांगितलं तसं तीनदा हेड क्लिनिंग करून पाहिलं. तरी कोराच. "शाई वाळली, आबा. दोन वर्षांत एकदाबी छापलं न्हाई का?" आपलं लिखाण शाई खर्चण्याजोगं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. "राहू द्या," जीपमध्ये सरकून जागा देत बायको म्हणाली, "वाटेनं तोंडीच सांगा." सगळं पाठ होतं. अर्धापूर मागं पडलं. पिराजीरावांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. नांदेड दिसू लागलं तेव्हा खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "यंदा केळी बरी आलीत." "हाव," ती म्हणाली.