लेडीज लाइनची प्रेमकथा

चाकणच्या आमच्या कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करतात. माझ्या ई-बुक रीडरला ना कॅमेरा ना सिम, म्हणून सिक्युरिटीनं तो आत सोडला. घरी वेबसाइटवरची पानं कन्व्हर्ट करून मी त्यात भरायचे आणि जेवणाच्या सुट्टीत लाइनवरच्या बायकांना वाचून दाखवायचे.

"चालू द्या तुमची प्रेमकथा," सुपरवायझर हसायचा.

आज रिकामे क्रेट पालथे घालून आम्ही सगळ्याजणी त्यावर बसूनच पॅकिंग करू लागलो. तो धावत आला. "आरफाताई, उठा! बसायचं कुणी सांगितलं?"

मी बसूनच रीडर पुढं केला. "कायद्यानं. उभ्यानं काम असेल तर बसायची सोय कंपनीनं करायची."

मी पुढं म्हटलं, "वाचा ना साहेब, रोज वाचायचो ती हीच प्रेमकथा. फक्त उभ्यानं वाचावं लागेल, इथं खुर्ची नाही."