मांडीवरचं इंजिन

शेवटचा बोल्ट निघाला आणि मोटरसायकलचं इंजिन धाडकन माझ्या मांडीवर येऊन बसलं. उठता येईना, ढकलता येईना. बायको माहेरी. हाकेच्या अंतरावर एकटा आप्पा, माझा थोरला भाऊ, आणि त्याच्याशी दोन वर्षं बोलणं बंद. तेबी ह्याच गाडीवरनं. गाडी वडलांची, म्हंजे दोघांची. मला सांगाडा लाल रंगवायचा हुता, त्याला काळा.

"आप्पा! मेलो! ये की!"

आला. बघितलं. समोर उकिडवा बसून तंबाखू मळायला लागला.

"रंग कुठला?"

"लाल."

त्यानं चिमूट तोंडात टाकली आणि आभाळाकडं बघत बसला. हिकडं माझ्या मांड्यांचा भुगा व्हायला लागलेला.

"काळा! काळा मारतो, बाबा! उचल आधी!"

गड्यानं एका दमात इंजिन उचलून बाजूला ठेवलं. म्हणाला, "लालच मार. तवा मला नुसतं विचारलं असतंस, गाढवा, तर हो म्हटलो असतो."

मी मांड्या चोळत म्हटलं, "मग आता विचारतो. आप्पा, लाल मारू का?"

"न्हाई," आप्पा म्हणाला आणि पॉलिश पेपर घेऊन सांगाडा घासायला बसला.