टायर टिकेपर्यंत
ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या भेगेत लेकीने काडेपेटीतली काडी घातली. ती अर्धी आत गेली. “हे टायर बाद झाले, की ट्रॅक्टर तू चालवायचास,” असं बाबा तिला कित्येक वर्षं सांगत होते आणि ती वेळ येऊ नये म्हणून टायरना दर आठवड्याला इंजिनचं जुनं ऑइल चोळत होते. तिने टायरवाल्याला बोलावलं. टायरवाल्याने भेग दाबून पाहिली. “काका, रबराला तेल लावतं का कुणी? तेल पिऊनच ते फुगलं, फाटलं.” “माझ्या डोक्याला कधी थेंबभर लावलं नाही,” आई दारातून म्हणाली. बाबांनी हातातल्या तेलकट फडक्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. “नवे टायर बसव,” ते टायरवाल्याला म्हणाले आणि तिच्याकडे वळले. “ट्रॅक्टर घे, नांगराचं पहिलं तास तूच घाल. मी बांधावर बसून चुका काढतो.”