चार जणांची गाडी

सायकलच्या भावात मिळालेली ती दुर्मीळ, देखणी जुनी मोटार रोज सकाळी रुसून बसायची. सात वर्षे गल्लीतून मान खाली घालून जाणाऱ्या अबोल कारकुनाला त्यामुळे गाडी ढकलायला शिंपीदादा लाभले, शेजारचे मास्तर लाभले आणि वरच्या मजल्यावरून हुकूम सोडणाऱ्या काकूही.

“अहो शिंपीदादा, गाडी ढकलताय की तिला इस्त्री करताय?” काकू ओरडायच्या, आणि कारकूनही हसायचा.

महिन्याभराने एका संध्याकाळी मेकॅनिक छाती फुगवून म्हणाला, “साहेब, आता फक्त किल्ली फिरवायचा अवकाश!” खरोखरच इंजिन एका दमात सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी बाह्या सरसावून फाटकाशी हजर होती. गाडीत बसलेल्या कारकुनाने किल्ली हळूच खिशात टाकली आणि काच खाली केली.

“दादा, आज पुन्हा रुसलीय हो. लावता का जरा हात?”